पतसंस्थेतील प्रिंटिंगची फेररचना : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

सकाळी साडेअकराच्या सुमारास पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला, म्हणून दुपारी प्रत्यक्ष जाऊन प्रकार समजून घेतला. वसुली विभागातील ताईंनी एका थकबाकीदाराच्या नोटिशीची प्रिंट सोडली होती. ती मागच्या खोलीतील प्रिंटरवर न येता बाहेर ठेव विभागाच्या खिडकीशेजारच्या प्रिंटरवर निघाली. कर्जदाराचे नाव, थकीत मुद्दल आणि व्याज, दोन्ही जामीनदारांचे पत्ते, असे सर्व त्या कागदावर होते आणि तो पाच-सात मिनिटे तसाच ट्रेवर पडून राहिला. पासबुक भरून घ्यायला आलेल्या एका ठेवीदाराने आपलाच खातेउतारा समजून तो उचलला व वाचला. कर्जदार त्याच गल्लीत राहतो. संध्याकाळी व्यवस्थापक स्वतः त्या कुटुंबाकडे जाऊन दिलगिरी व्यक्त करून आले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करण्याआधी अशा नोटिशी द्याव्याच लागतात, आणि या महिन्यात आणखी ३८ नोटिशी निघायच्या आहेत. त्यामुळे नुसता प्रिंटर बदलून देऊन हे काम संपणार नाही. कोणत्या संगणकावरून सोडलेली प्रिंट कोणत्या प्रिंटरवर जाते, ती वाटेत कोठे थांबते आणि मागे काय ठेवते, याची संपूर्ण तपासणी करण्याचे ठरले.

सध्याची व्यवस्था अशी आहे. एकूण ११ संगणक, सर्वांवर उबंटू २२.०४ (लिनक्सची एक आवृत्ती) आणि लिबरऑफिस हे कार्यालयीन सॉफ्टवेअर. बाहेरच्या दालनात ठेव विभागाच्या खिडकीशेजारी एक लेझर प्रिंटर, मागच्या खोलीत दोन ट्रेचा आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना छापणारा दुसरा लेझर प्रिंटर, आणि रोखपालांकडे पासबुक व १३२ स्तंभांच्या सलग कागदासाठी डॉट मॅट्रिक्स. गेल्या मे महिन्यात मीच तिन्ही प्रिंटरच्या रांगा (ज्या नावाखाली प्रिंटची कामे जमा होऊन प्रिंटरकडे जातात त्या) सर्व संगणकांवर एकाच नावांनी बसवल्या होत्या. कोणाचा प्रिंटर बंद पडला तर दुसऱ्यावर प्रिंट काढता यावी, हा तेव्हा त्यामागचा हेतू होता.

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

पहिला संशय नेटवर्कवरील पत्त्यांचा होता. राउटर प्रिंटरना पत्ते आपोआप वाटत असेल, तर वीज जाऊन आल्यावर दोन प्रिंटरच्या पत्त्यांची अदलाबदल होऊ शकते आणि मग रांगेचे नाव बरोबर असूनही प्रिंट भलतीकडे जाते. दोन्ही प्रिंटरवरून कॉन्फिगरेशनचे पान काढले आणि एलपीस्टॅट या आज्ञेने प्रत्येक रांगेचा पत्ता त्याच्याशी ताडून पाहिला. पत्ते जुळत होते. तरीही ते पत्ते राउटरमध्ये कायमचे राखून ठेवले, कारण हा धोका खरा आहे आणि काम दहा मिनिटांचे आहे.

मग ताईंच्या संगणकावर दोन चाचण्या घेतल्या. रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या मजकूर लिहिण्याच्या भागात, नवे कोरे पान उघडून दोन शब्द लिहिले आणि प्रिंट सोडली, ती मागच्या खोलीत आली. जुनी नोटीस उघडली तर प्रिंटच्या खिडकीत दालनातील प्रिंटर आधीच निवडलेला दिसला. म्हणजे दोष संगणकात नव्हता, फाइलमध्ये होता.

रायटरची ओडीटी फाइल ही प्रत्यक्षात एक झिप, म्हणजे अनेक फाइलींचे एक गाठोडे, असते. ती उलगडली की आत मजकुराची एक फाइल, शैलींची एक आणि सेटिंग्जची एक, अशा वेगवेगळ्या फाइली दिसतात. त्यातली सेटिंग्जची फाइल साध्या संपादकात उघडली आणि ‘प्रिंटरनेम’ या नोंदीपुढे दालनातील रांगेचे नाव स्वच्छ लिहिलेले सापडले. त्याखाली ‘प्रिंटरसेटअप’ या नोंदीत न वाचता येणाऱ्या अक्षरांची लांबलचक माळ होती. प्रिंटरची उरलेली सेटिंग्ज तेथे साठवलेली असतात. नोटिशीचा हा मूळ नमुना काही वर्षांपूर्वी ठेव विभागाच्या संगणकावर तयार झाला होता, आणि तेव्हापासून प्रत्येक नोटीस त्याचीच नक्कल करून बनवली जाते.

लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल या क्रमाने गेल्यावर ‘दस्तऐवजासोबत प्रिंटरची सेटिंग्ज उघडावीत’ अशा अर्थाची एक चौकट मिळते. ती चालू असेल तर फाइल ज्या प्रिंटरचे नाव बाळगून आहे तोच प्रिंटर निवडला जातो. बंद असेल तर त्या वापरकर्त्याचा नेहमीचा प्रिंटर घेतला जातो. चौकट बंद केली तरी प्रिंटरचे नाव फाइलमध्ये साठवले जातेच, फक्त उघडताना ते मानले जात नाही. त्यामुळे एका संगणकावर ती बंद करून भागणार नाही, प्रत्येकावर करावी लागेल.

मेपर्यंत हा प्रकार का घडला नाही, याचेही उत्तर मिळाले. तोवर ताईंच्या संगणकावर दालनातील रांग नव्हतीच. फाइलमधले नाव सापडत नसल्यामुळे लिबरऑफिस नेहमीच्या प्रिंटरकडे वळत होते. मी सर्व रांगा सर्वत्र एकाच नावाने बसवल्या आणि फाइलमध्ये निपचित पडून असलेल्या त्या नावाला मालक मिळाला. सोय म्हणून केलेल्या कामातून ही चूक झाली, हे व्यवस्थापकांना जसेच्या तसे सांगितले आणि त्यांच्या वहीतही तसेच लिहून दिले.

६ ऑगस्ट २०२५, बुधवार

ही चौकट संगणकाच्या नावावर नसते, तर प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये साठते. संगणक ११ असले तरी वापरकर्त्यांची खाती १४ आहेत, कारण तीन संगणकांवर सकाळ-संध्याकाळच्या पाळ्यांत वेगवेगळी माणसे बसतात. चौदाही खात्यांत शिरून चौकट बंद केली आणि प्रत्येक ठिकाणी जुनी नोटीस उघडून खात्री केली.

त्याशिवाय प्रत्येक संगणकावर फक्त त्या टेबलाला लागणाऱ्या रांगा ठेवल्या, बाकीच्या काढून टाकल्या. सर्व रांगा एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवून कोणी कोणती वापरायची याचे परवाने देणे कप्स या लिनक्सवरील प्रिंटिंग व्यवस्थेत शक्य आहे, पण ११ संगणकांसाठी एक जास्तीचे यंत्र सांभाळणे मला योग्य वाटत नाही. ते बंद पडले तर पूर्ण शाखेचे प्रिंटिंग थांबेल.

रांगांची नावेही बदलली. लिबरऑफिसच्या यादीत माणूस रांगेचे नावच पाहतो, वर्णनापर्यंत नजर जात नाही. त्यामुळे कंपनी आणि मॉडेल क्रमांकांची जुनी नावे काढून ‘वसुली-ए-फोर’, ‘दालन-ए-फोर’, ‘पासबुक-फक्त’ अशी जागा आणि काम सांगणारी नावे रोमन अक्षरांत दिली.

७ ऑगस्ट २०२५, गुरुवार

सकाळी ताईंच्या यादीत दालनातील प्रिंटर पुन्हा हजर होता, फक्त या वेळी मॉडेलच्या नावाने. काल काढलेली रांग परत कशी आली, हे शोधायला फार वेळ लागला नाही. कप्ससोबत ‘कप्स-ब्राउज्ड’ नावाची एक सेवा पार्श्वभूमीला चालत असते. नेटवर्कवर जो प्रिंटर स्वतःची घोषणा करतो, त्याची रांग ती आपोआप तयार करते. घरच्या संगणकावर ही मोठी सोय आहे. पण कोणता कागद कोठे निघावा हे ठरवून ठेवायचे असेल तेथे ती चालणार नाही.

ती बंद करण्याला आणखी एक कारण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये या सेवेतील गंभीर सुरक्षा-त्रुटी उघड झाल्या. ती नेटवर्कवरील यूडीपीच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर (निरोप आत येण्याच्या वाटेवर) कोणाकडूनही आलेले निरोप स्वीकारत असे आणि त्यातून बनावट प्रिंटर पुढे करून परक्या माणसाला संगणकावर आज्ञा चालवता येण्याची वाट मोकळी होत होती. त्यावरची दुरुस्ती या संगणकांवर पूर्वीच बसलेली आहे. तरी जी सेवा लागत नाही ती चालू ठेवण्यात अर्थ नाही. प्रिंटरची घोषणा ऐकणारी ‘अवाही’ ही सेवाही थांबवली, कारण आता पत्ते कायमचे आहेत. सर्व संगणक पुन्हा सुरू करून याद्या तपासल्या. ठेवलेल्या रांगांशिवाय काहीही दिसत नाही.

८ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

आजचा दिवस रोखपालांच्या टेबलाचा. त्यांनी खणात जपून ठेवलेला सलग कागदाचा एक गठ्ठा दाखवला. पहिल्या ओळीत टक्क्याचे चिन्ह, त्याला चिकटून इंग्रजीत पीडीएफ हा शब्द आणि एक आकडा. त्याखाली कंसांच्या आणि आकड्यांच्या काही ओळी. आणि मग पानामागून पाने चौकोन, उलटे उद्गारचिन्ह आणि अर्थहीन अक्षरे. त्यांनी रजेचा अर्ज लिहून प्रिंट सोडली होती, तेव्हा हे निघाले.

पासबुकची रांग ‘रॉ’ प्रकारची आहे. पतसंस्थेचे लेखा सॉफ्टवेअर डॉट मॅट्रिक्सला थेट अक्षरे आणि नियंत्रण-संकेत पाठवते, म्हणून कप्सने मध्ये काहीही न बदलता आलेले बाइट तसेच पुढे ढकलायचे असतात. लिबरऑफिस मात्र कप्सला पीडीएफ देते आणि प्रिंटरला समजेल अशा भाषेत त्याचे रूपांतर करण्याचे काम कप्सच्या फिल्टरवर सोपवते. रॉ रांगेत फिल्टरच नसल्यामुळे प्रिंटरने पीडीएफ फाइलचे पोटच अक्षरशः कागदावर उतरवले. त्या पहिल्या ओळीवरून रोग ओळखता येतो, म्हणून तेवढा एक कागद फाडून या नोंदवहीला जोडून ठेवला आहे.

पासबुकची रांग येथून काढता येत नाही. तेव्हा एलपीऑप्शन्स या आज्ञेने रोखपालांच्या खात्यासाठी ‘दालन-ए-फोर’ हा नेहमीचा प्रिंटर ठरवला. ही निवड त्यांच्या होम फोल्डरमधील कप्सच्या फाइलमध्ये राहते आणि संगणकाच्या सर्वसाधारण निवडीवर मात करते. लेखा सॉफ्टवेअर रांगेचे नाव घेऊनच प्रिंट पाठवते, त्यामुळे पासबुकला याचा धक्का बसला नाही. पाच पासबुके भरून खात्री केली.

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

ठेव विभागाची तक्रार अशी की मुदत ठेवीच्या पत्रावर सहीची ओळ अर्धी कापली जाते. कागद ए-फोर, फाइलही ए-फोर, पण रांगेचा ठरीव आकार अमेरिकी लेटर होता. ए-फोर २९७ मिलिमीटर लांब असतो आणि लेटर २७९.४, म्हणजे १७.६ मिलिमीटर कमी. एरवी लिबरऑफिस फाइलमधला आकार रांगेला कळवते. परंतु येथे प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘कागदाचा आकार फक्त प्रिंटरच्या पसंतीनुसार’ ही खूण केलेली होती, त्यामुळे फाइलचे म्हणणे कोणी ऐकलेच नाही. खूण काढली आणि सर्व रांगांचा ठरीव आकार ए-फोर केला. मोजपट्टी लावून पाहिले, सहीची ओळ खालच्या कडेपासून बरोबर २० मिलिमीटरवर आली.

मागच्या खोलीत वरच्या ट्रेमध्ये छापील लेटरहेड आणि खालच्या ट्रेमध्ये कोरा कागद असतो. ताई आजवर दोन पानी नोटिशीची पाने वेगवेगळी सोडत आणि मध्ये कागद हाताने बदलत. रायटरमध्ये ट्रे हा पानाच्या शैलीचा गुण आहे. पहिल्या पानाच्या शैलीला वरचा ट्रे आणि पुढच्या पानांच्या शैलीला खालचा ट्रे नेमून दिला की एकाच प्रिंटमध्ये दोन्ही कागद आपापल्या जागेवरून येतात. यासाठी रायटरच्या प्रिंट पर्यायांतील ‘ट्रे प्रिंटरच्या सेटिंगप्रमाणे’ ही खूण मात्र काढलेली असावी लागते, नाहीतर शैलीतील नेमणूक दुर्लक्षिली जाते. नवा नमुना तयार करून दिला. ताईंनी पहिली प्रिंट हातात घेऊन दोन्ही पाने उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, “दादा, एवढ्यासाठी मी तीन वर्षं उठबस करतेय.”

१३ ऑगस्ट २०२५, बुधवार

एका संगणकावरून प्रिंट फार सावकाश निघते, अशी तक्रार होती. प्रिंटरच्या गुणधर्मांतील ‘डिव्हाइस’ या पानावर प्रिंटरची भाषा पोस्टस्क्रिप्ट लेव्हल २ अशी कोणीतरी निवडून ठेवली होती. नोटिशीच्या मजकुरामागे संस्थेचे बोधचिन्ह फिकट, अर्धपारदर्शक छापले जाते. पोस्टस्क्रिप्टमध्ये पारदर्शकतेची कल्पनाच नाही, ती पीडीएफमध्ये १.४ या आवृत्तीपासून आली. त्यामुळे लिबरऑफिसला बोधचिन्हाखालचा भाग चित्र म्हणून सपाट करून पाठवावा लागत होता. रांगेत हीच दोन पाने पोस्टस्क्रिप्टमध्ये अकरा मेगाबाइटच्या वर भरली आणि पीडीएफमध्ये दोनशे किलोबाइटच्याही आत. शिवाय सपाट केलेल्या भागात देवनागरीच्या जोडाक्षरांच्या कडा खरबरीत दिसत होत्या. ‘व्याज’ आणि ‘मुद्दल’ हे दोन शब्द भिंगाखाली धरून शेजारी शेजारी पाहिले, फरक स्पष्ट आहे. लिनक्सवरील प्रिंटिंगसाठी पीडीएफ हेच प्रमाण स्वरूप असावे, असा निर्णय २००६ मध्ये अटलांटा येथील प्रिंटिंग परिषदेत झाला होता आणि आज कप्सचे फिल्टर त्याच पायावर उभे आहेत. सर्वत्र ‘स्वयंचलित : पीडीएफ’ हा पर्याय ठेवला.

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. अहवालाचा मसुदा ४१ पानांचा आहे आणि संचालकांसाठी त्याच्या १३ प्रती दोन्ही बाजूंना छापून हव्या होत्या. ४१ ही विषम संख्या असल्यामुळे प्रत्येक प्रतीला २१ कागद लागतात आणि शेवटच्या कागदाची मागची बाजू कोरी राहायला हवी. प्रत्यक्षात दुसऱ्या प्रतीचे मुखपृष्ठ पहिल्या प्रतीच्या शेवटच्या पानामागे छापले गेले आणि पुढची प्रत्येक प्रत बिघडली.

प्रती जुळवण्याचे काम प्रिंटरवर न सोपवता प्रत्येक प्रतीचे वेगळे काम पाठवण्याचा पर्याय लिबरऑफिसच्या प्रिंटच्या खिडकीत आहे. तो निवडल्यावर तेराही प्रती नीट आल्या. मात्र एका कामाची १३ कामे झाली की दोन प्रतींच्या मधल्या फटीत दुसऱ्याची प्रिंट घुसू शकते. म्हणून अशा प्रती संध्याकाळी सहानंतरच काढाव्यात, असे लिहून प्रिंटरवर चिकटवले.

२१ ऑगस्ट २०२५, गुरुवार

आता मुख्य प्रश्न उरला होता. नोटीस मागच्या खोलीतच निघाली तरी तेथे कर्ज विभागही बसतो आणि अर्जदार समोरच्या बाकावर असतात. प्रिंटर ताईंच्या खुर्चीपासून बारा फूट लांब, दाराजवळ होता. सर्वांत आधी शिपाई काकांच्या मदतीने तो ताईंच्या उजव्या हाताला हलवला. कोणत्याही सेटिंगपेक्षा हा उपाय मोठा आहे असे मला वाटते.

मग त्याच प्रिंटरवर ‘वसुली-गोपनीय’ नावाची दुसरी रांग बसवली. या रांगेत आलेले प्रत्येक काम अनिश्चित काळ रोखून धरावे, अशी ठरीव सूचना एलपीॲडमिन या आज्ञेने दिली. ताई सकाळपासून नोटिशी तयार करून सोडत राहतील, पण एकही कागद बाहेर येणार नाही. खोलीत बाहेरचे कोणी नसेल तेव्हा त्या स्वतः कामे मोकळी करतील. कप्सच्या नेहमीच्या नियमाप्रमाणे रोखलेले काम ज्याने सोडले तो किंवा प्रशासक, एवढेच ते मोकळे करू शकतात. रक्कम चुकली असेल तर कागद निघण्याआधी काम रद्द करता येते, हाही यातला एक मोठा फायदा.

प्रिंट झाल्यावर मागे काय उरते, तेही पाहिले. कप्स छापून झालेल्या कामाची फाइल, वेगळे काही सांगितले नसेल तर, एक दिवस जपून ठेवते. पुन्हा प्रिंट काढण्यासाठी ते उपयोगी आहे, पण येथे थकबाकीदारांची पूर्ण पत्रे दिवसभर संगणकात पडून राहत होती. ताईंच्या संगणकावर हे जतन करणे बंद केले.

एक गोष्ट सेटिंगने सुटणारी नव्हती. कामाचे नाव म्हणजे फाइलचे नाव, आणि ते प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर झळकते. फाइलींना कर्जदाराचे आडनाव देण्याची पद्धत होती. यापुढे आडनावाऐवजी कर्ज खाते क्रमांक घालायचे ठरले. जुन्या फाइलींची नावे ताईंनी दुपारी बसून स्वतः बदलली.

२६ ऑगस्ट २०२५, मंगळवार

उद्या गणेश चतुर्थी असल्याने कार्यालय बंद. आज एकच काम : ‘वसुली-ए-फोर’ या रांगेचे त्रुटी-धोरण. प्रिंटर बंद असताना कोणी सहा वेळा बटण दाबले की सहाही कामे साचतात आणि प्रिंटर सुरू होताच एकामागून एक निघतात, बहुतेक वेळा माणूस टेबलावर नसताना. त्रुटी आली तर काम सोडून द्यावे, असे धोरण ठेवले. पुन्हा प्रिंट सोडावी लागेल, पण कागद अवचित बाहेर येणार नाही.

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

३८ नोटिशी आज निघाल्या. ताईंनी काल दिवसभरात त्या गोपनीय रांगेत सोडल्या होत्या आणि त्यांतल्या दोन, व्याजाची तारीख चुकल्यामुळे, रद्द करून पुन्हा केल्या होत्या. दुपारी दोन वाजता जेवणाच्या सुट्टीत बाक रिकामे झाल्यावर त्यांनी खोलीचे दार ओढून घेतले आणि कामे मोकळी केली. वरच्या ट्रेमधून लेटरहेड, खालून कोरा कागद, असे ७६ कागद सलग आले. ताईंनी प्रत्येक नोटिशीचा खाते क्रमांक यादीशी जुळवून जागेवरच पाकिटात घातला. शेवटचे पाकीट चिकटवल्यावर मी बाहेर दालनात जाऊन तिथला ट्रे पाहिला. तो रिकामा होता.